'हुशार आहेस' की 'मेहनत घेतलीस'?
अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी घातली; हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यावर काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. सगळ्यांची भंबेरी उडाली. पुन्हा सोपी दिल्यावर 'हुशार' मुलं आधीपेक्षा मागे पडली, 'मेहनती' पुढे गेली. हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तर आपले गुण फुगवून सांगितले. मला हेच सगळ्यात जास्त लागतं. एवढ्याशा पोरांना खोटं बोलावंसं वाटावं!

अर्थात नुसतं 'मेहनत, मेहनत' म्हणणंही पोकळच. 'मागे हातचा विसरला होतास, या वेळी ताळा करून पाहिलास' असं नेमकं सांगा. आणि 'आमच्या घरात कुणालाच गणित जमत नाही' हे मुलांदेखत बोलणं आजपासून बंद करा.