फॉरेक्स शिकायला जाताय? आधी हे वाचा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. माल परदेशी जातो, त्यामुळे डॉलरचा भाव रोज बघायची सवय. फॉरेक्स म्हणजे परकीय चलनाचे सौदे शिकवणारी मंडळी नेमकी असाच माणूस गाठतात. जुळे सोलापुरात फॉरेक्स शिकवणारे 'सर' पहिल्याच भेटीत म्हणाले, "अण्णा, डॉलर तुम्हाला काय नवा आहे का? फक्त बटण दाबायला शिका."

शिकवलेलं खोटं नव्हतं, हेही सांगतो. युरो-डॉलरचा पूर्ण लॉट, म्हणजे सौद्याचं ठरलेलं माप, १,००,००० युरोचा. भाव एक पिप, म्हणजे दशांशानंतरच्या चौथ्या आकड्यात एकाने, हलला की १० डॉलरचा फरक. १:५०० लिव्हरेज, म्हणजे भरलेल्या पैशाच्या ५०० पट सौदा करायची मुभा, असेल तर २०० युरोवर हा सौदा उचलता येतो. सर एवढं सांगून थांबायचे. पुढचं गणित असं, की वीसेक पिप उलटे गेले की ते २०० युरो साफ, आणि युरो-डॉलर एका दिवसात सहज त्याहून जास्त हलतो.

मोबाइलवर मेटाट्रेडर हे सौदे करायचं ॲप टाकून दिलं. सॉफ्टवेअर खरं, जगभर वापरतात. मी भाव दुसरीकडे ताडून पाहिला, तोही जुळला. पण सर्व्हर ब्रोकरच्या, म्हणजे सौदे लावून देणाऱ्या कंपनीच्या, ताब्यात असतो. भाव खरा असला तरी माझा सौदा बाजारात गेलाच होता, याचा पुरावा काय? खात्यात दिसणारी शिल्लक म्हणजे त्यांनी त्यांच्या वहीत लिहिलेला आकडा.

खरी खूण पैसे भरताना दिसते. दर वेळी नवं खातं यायचं. कधी हार्डवेअर दुकानाचं, कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी नुसतं एखाद्या माणसाचं नाव. विचारलं तर उत्तर तयार, "लोकल पेमेंट पार्टनर आहे." ब्रोकरच्या नावाचं खातं एकदाही नाही! सुरुवातीला ५,००० रुपये काढायला टाकले, ते लगेच बँकेत जमा झाले. त्या पाच हजारांच्या भरवशावर पुढचे दोन लाख गेले.

मोठी रक्कम काढायला टाकली तेव्हा निरोप आला, नफ्यावर ३० टक्के टॅक्स आधी भरा. अहो, टॅक्स कापायचा तर देणारा रकमेतून कापतो, वर वेगळे पैसे मागत नाही. मी तेच बोललो, तर आवाज बदलला. "पोलिसात गेलात तर फेमाखाली, परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्हीच अडकाल." माझ्यासोबतचे दोघे याच धमकीला घाबरून गप्प बसले.

धमकीत अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ती चालते. भारतात राहणाऱ्याने चलनाचे सौदे अधिकृत बँकेकडे किंवा एनएसई-बीएसईसारख्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर करायचे असतात. मे २०२४ पासून तर एक्स्चेंजवरही ज्याचं परकीय चलनात खरोखर देणं-घेणं आहे त्यानेच. आमचा कारखाना डॉलरचा भाव बांधून घेतो तो बँकेत फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायचा करार, बुक करून, कारण समोर खरी निर्यात असते. परदेशातल्या ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, पाठवायला एलआरएसमध्येही, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतही, परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट काढली, तेव्हा त्यात ३४ नावं होती, नंतर ती वाढत गेली. 'आमचं नाव यादीत नाही' असं सर अभिमानाने सांगायचे. यादीत नाव नसलं म्हणून परवानगी आहे असं समजू नका, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगून ठेवलंय.

तरीही तक्रार करा, आणि लगेच करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावताना प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), तारीख आणि समोरच्या खात्याचा नंबर हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी स्क्रीनशॉट काढा. माझी थोडी रक्कम एका खात्यात गोठवलेली सापडली, बाकीची तोवर पुढच्या खात्यांत पांगली होती. गोठलेली सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणतात, सध्या त्या कागदांच्या मागे आहे.