युद्धनौका, रणगाडे की खडकी? जवानांना भेटू इच्छिणाऱ्यांसाठी एक तुलना

शाळेची सहल, सोसायटीतील मुलांचा गट किंवा ज्येष्ठ नागरिक संघ घेऊन 'सैन्य पाहायला' निघणाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधी एवढे ठरवावे की, आपल्याला शस्त्रे पाहायची आहेत की ती हाताळणाऱ्या माणसांशी बोलायचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत उरकतील, अशी बहुतेकांची समजूत असते आणि परतीच्या बसमध्ये जी थोडीशी निराशा जाणवते, ती याच समजुतीतून आलेली असते. त्यामुळे अंतर किंवा खर्च यांपेक्षा, त्या ठिकाणी कोणाशी आणि किती वेळ बोलता येते, याच कसोटीवर मी पुढील पर्याय तोलले आहेत. चालू स्थितीतील लष्करी तळ मनात आले म्हणून पाहता येत नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने अशा जागा निषिद्ध ठरतात आणि आत पाऊल ठेवायचे तर परवानगी किंवा आमंत्रण लागतेच.

मुलांचा गट असेल, तर मुंबईतील युद्धनौकांच्या भेटीला तोड नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून नौदल दिन साजरा होतो. त्याच्या आगेमागे पश्चिम नौदल कमांड आपल्या काही नौका शाळकरी मुलांना व सर्वसामान्य नागरिकांना पाहू देते. मुख्य सोहळा मात्र दरवर्षी मुंबईतच असेल असे धरून चालू नये: २०२३ मध्ये तो सिंधुदुर्गात झाला, २०२४ मध्ये पुरीला. नौका कोणत्या दिवशी खुल्या राहणार हे नौदलाकडून जाहीर होते आणि त्याआधी आरक्षणे करून ठेवण्यात अर्थ नसतो. मूळ ओळखपत्र जवळ असावेच. मोबाइल आणि कॅमेऱ्याबाबत प्रवेशद्वारावर जे सांगितले जाईल ते वाद न घालता मान्य करावे.

या भेटीची खरी गंमत डेकवर आहे. तोफेजवळ, हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेवर, नौका चालवण्याच्या कक्षात, म्हणजे ब्रिजवर, नौसैनिक माहिती सांगायला उभे असतात आणि मागची रांग पुढे सरकेपर्यंत त्यांच्याशी चार-पाच मिनिटे बोलता येते. तेवढ्यात मोठी माणसे क्षेपणास्त्राचा पल्ला विचारतात, ज्याचे नेमके उत्तर मिळण्याची अपेक्षाच करू नये. मुले विचारतात की तुम्ही झोपता कुठे, समुद्रात उलटी झाली तर काय करता, घरी फोन कसा लावता. बोलका संवाद या दुसऱ्या प्रश्नांवर होतो. ज्येष्ठांसाठी मात्र हा पर्याय सोयीचा नाही, कारण रांग उन्हात असते आणि नौकेतील लोखंडी शिड्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात. अमेरिकेत किंवा युरोपात जन्मलेली नातवंडे सुट्टीला आलेली असतील, तर आणखी एक अडचण ध्यानात घ्यावी: आडनाव कुलकर्णी असले तरी पासपोर्ट परदेशी असल्यास प्रवेशाचे नियम वेगळे लागू होऊ शकतात, तेव्हा चौकशी आधीच करावी, फाटकावर नव्हे.

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय याच्या नेमके उलट आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयासाठी विशेष परवानगीची यातायात नाही, तिकीट काढून आत जाता येते आणि व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन असे रणगाडे हाताच्या अंतरावरून, मनसोक्त पाहता येतात. ज्यांनी १९६५ च्या भारत-पाक युद्धातील असल उत्तरच्या लढाईबद्दल वाचले आहे, त्यांना भारताचा सेंच्युरियन आणि पाकिस्तानचा पॅटन एकाच आवारात पाहून अंगावर काटा येईल. त्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करणारे आणि पुढे भूदलप्रमुख झालेले अरुणकुमार वैद्य मूळचे अलिबागचे. परंतु येथे बोलायला कोणी भेटेलच असे नाही. गटात जाणकार माणूस नसेल, तर लोखंडाच्या पन्नासएक आकृत्या पाहून मुले तासाभरात कंटाळतात. गोव्यात बोगमाळोजवळ असलेल्या नौदल विमान संग्रहालयाचेही साधारण असेच आहे. सुट्टीला गोव्यात असाल तर जरूर पाहावे, तेवढ्यासाठी मुद्दाम जाऊ नये.

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी अनेकांच्या यादीत पहिली असते आणि ती बहुधा तेथून काढावी लागते. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, होणारे दीक्षान्त संचलन आमंत्रितांसाठी, मुख्यतः छात्रांच्या पालकांसाठी असते. ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी येथून बाहेर पडली, तेव्हापासून शाळांचे कुतूहल वाढणे साहजिक आहे. शाळेने रीतसर पत्रव्यवहार करून परवानगी मिळवली तर भेट सार्थकी लागते, विशेषतः नववी-दहावीच्या मुलांची. संचलनाच्या मैदानाला अरुण खेत्रपाल यांचे नाव आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारत-पाक युद्धातील बसंतरच्या लढाईत ते पुणे हॉर्स या रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले. हे आधी सांगून मुलांना नेले, तर मैदान नुसते मैदान राहत नाही.

अटारीला भारत-पाक सीमेवर संध्याकाळी होणारा ध्वज उतरवण्याचा सोहळा या तुलनेत घ्यावा की नाही, याबद्दल मी साशंक होतो. तेथे उभे असतात ते सीमा सुरक्षा दलाचे जवान. हे दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, भूदलाच्या नव्हे. एप्रिल २०२५ पासून फाटक न उघडता, हस्तांदोलन न करता हा सोहळा आटोपशीर स्वरूपात होऊ लागला. अमृतसरला गेलेल्याने तो पाहावा, पण प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवरून जवानाची ओळख होत नाही.

ज्यांना खरोखर भेटायचे आहे, त्यांनी पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. खडकी येथे १९७४ पासून कार्यरत असलेल्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात मणक्याला इजा होऊन कमरेखालील किंवा मानेखालील शरीर निकामी झालेले माजी सैनिक राहतात. कोणी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतो, कोणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतो. पाहण्यासारखी तोफ येथे एकही नाही, म्हणून सहलींच्या यादीत हे नाव क्वचित येते. मात्र वेळ आधी कळवून, वीस-पंचवीस जणांच्या आतला गट घेऊन गेल्यास निवांत बोलता येते, आणि ज्येष्ठ नागरिक संघासाठी तर मी हाच पर्याय निःसंकोच सुचवीन. दहा वर्षांखालील मुलांना नेण्याआधी घरी नीट समजावून सांगावे. साताऱ्याजवळचे मिलिटरी अपशिंगे, जेथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणसे फौजेत गेली आहेत, हाही याच जातीचा पर्याय आहे. तेथे परवानगीपेक्षा गावात कोणाची तरी ओळख असणे अधिक उपयोगी पडते.

खडकीला जाताना शाल-श्रीफळ, फलक आणि छायाचित्रकार यांचा लवाजमा नेऊ नये. सत्कार झाला की पाहुणे निघतात आणि बोलणे राहून जाते. काय हवे आहे हे केंद्राला फोन करून विचारावे, तेवढेच न्यावे, आणि 'हे कसे झाले' हा प्रश्न आपण होऊन काढू नये. समोरच्याला सांगायचे असेल तर तो सांगेल. नाहीतर त्याच्या चित्राबद्दल, गावाबद्दल, कालच्या क्रिकेट सामन्याबद्दल बोलावे.