बोटीच्या आधीच छापलेला तक्ता

माझं नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. गेट, जिने, पाण्याच्या टाक्या ही रोजची कामं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना तुम्ही म्हणाल की लोखंडात हयात घालवलेल्या माणसाला एवढं कळू नये? घरात हे ऐकून झालंय.

हर्णैच्या आतेभावाने बोट सांगितली. ३० फुटी, माइल्ड स्टीलची. कोकणात बोटी लाकडाच्या नाहीतर फायबरच्या, पण त्याला लोखंडीच हवी होती आणि भाच्याच्या ओळखीने ड्रॉइंगही मिळालं. चार महिने बोट शेडमध्ये त्र्यंबककडे, म्हणजे पश्चिमेला नाळ (पुढचं टोक) करून उभी होती. ही दिशा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोट पूर्ण सजवून द्यायची असा शब्द दिला होता, त्यामुळे होकायंत्रही माझ्याच गळ्यात. एका ओळखीच्याने एकाचा नंबर दिला, "जहाजाचं सामान करतो, नाशिकलाच असतो." दुकान नव्हतं. रविवार कारंजाजवळ चहाला भेटला. गोड बोलणारा, भाऊ-भाऊ करणारा. पिशवीतून पितळेसारखं चमकणारं होकायंत्र काढलं, दोन्ही बाजूंना बसवायचे लाल आणि हिरवा असे दोन गोळे काढले आणि म्हणाला, "भाऊ, हे खास लोखंडी बोटीचं. याच्यावर लोखंडाचा परिणामच होत नाही."

खिशातून एक चकचकीत बोल्ट काढून त्याने होकायंत्राला टेकवला. तबकडी हलली नाही. पट्टीचा तुकडा लावला, तरी हलली नाही. मी थक्क.

तो बोल्ट ३०४ चा होता हो! स्टेनलेस. ३०४ ला चुंबक जवळजवळ धरत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकाला चुंबक लावून दाखवतो. समोर चहा आणि कानाशी अखंड बडबड असली की माणसाचं डोकं कुठे जातं कोण जाणे. आणि साधा विचार केला असता तरी कळलं असतं. होकायंत्र चालतं ते पृथ्वीच्या चुंबकत्वावर. ज्याला शेजारचं लोखंड जाणवत नाही त्याला उत्तर तरी कशी जाणवेल?

शेवटी त्याने पेटीतून लॅमिनेट केलेला तक्ता काढला. कुठल्या दिशेला जाताना होकायंत्र किती अंश चुकतं त्याचे आकडे. उत्तरेला २ पूर्व, ईशान्येला १ पूर्व, असं करत सगळीकडे. खाली गोल शिक्का. "टेस्टिंग करूनच येतं," म्हणाला. माझी बोट तेव्हा शेडमध्ये, अर्धी पत्र्याविना. बाळ जन्मायच्या आधी पत्रिका तयार, आणि मी ती हातात घेऊन खूश.

२२,००० रुपये. १०,००० यूपीआयने कुणा बाईंच्या नावावर, बाकी रोख. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं.

बोट ट्रेलरवर कसारा घाट उतरून हर्णैला गेली. पहिल्या फेरीला मीही होतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, जुना, सत्तरीकडे झुकलेला. आम्ही केळशीच्या बाजूला, जवळजवळ उत्तरेला चाललो होतो. किनारा उजव्या हाताला सरळ दिसत होता आणि होका दाखवत होता की आम्ही ईशान्येकडे, म्हणजे किनाऱ्यावर चढतोय. तांडेलाने मागे सुवर्णदुर्गाकडे पाहिलं, होक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, किल्ला हलला की काय?"

त्याच्या जीपीएसशी ताडलं तर २५ अंशांहून जास्त फरक. उजेड होता, किनारा दिसत होता म्हणून हसलो. २५ अंश चुकलं तर १० सागरी मैलांत बोट ४ मैलांहून अधिक बाजूला जाते. धुक्यात किंवा रात्री हे हसण्यासारखं नाही. जीपीएस आहे म्हणून होका नको असंही नाही. साधा जीपीएस बोट कुठल्या दिशेला सरकतेय ते सांगतो, नाळ कुठे बघतेय ते नाही. बोट थांबली की तोही भरकटतो.

परत आल्यावर होकायंत्र शेडमध्ये आणून टेबलावर ठेवलं आणि वेल्डिंगचा अँगल मॅग्नेट हातात घेतला. आधी 'पितळी' डब्याला लावला. खटकन चिकटला. नखाने खरवडलं तर मुलामा निघाला, आत पत्रा. मग गोळ्यांना लावला, सरळ निसटला. गोळे ॲल्युमिनियमचे, आतून पोकळ. ते असायला हवेत मऊ लोखंडाचे, बोटीच्या लोखंडाची ओढ सावरायला, आणि डबा असायला हवा बिनलोखंडी. जिथे चिकटायला नको तिथे चिकटलं, जिथे हवं तिथे नाही.

मग आतेभावाने मुंबईहून होकायंत्र जुळवणारे एक निवृत्त मर्चंट नेव्हीवाले काका बोलावले. नवीन होकायंत्र पक्क्या बिलावर घेतलं होतं. काकांनी आधी चुंबकाने तबकडी थोडी ढकलून सोडली. ती पुन्हा नेमकी त्याच आकड्यावर आली पाहिजे, अडखळली तर ती ज्यावर फिरते ते टोक झिजलंय समजायचं. द्रवात बुडबुडा नाही ना तेही पाहिलं. मग मला विचारलं, "बांधताना नाळ कुठे होती?" पश्चिमेला, म्हटलं. "मग उत्तर-दक्षिणेला घोळ जास्त असणार, पूर्व-पश्चिमेला कमी." बोट न बघता सांगितलं! चार महिने एका दिशेला ठेवून वेल्डिंग केलं, ठोकलं की पृथ्वीचं चुंबकत्व त्या लोखंडात मुरतं. हे दुखणं जुनं आहे. १८३८ साली इंग्लंडात खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 'रेनबो' या लोखंडी जहाजावर हेच मोजलं आणि चुंबक व लोखंड लावून सावरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी शांत पाण्यात बोट आठही दिशांना फिरवली, किनाऱ्यावरच्या ठरलेल्या खुणांशी ताडून आकडे लिहिले. होकायंत्राखालच्या लाकडी पेटीत छोटे चुंबक सरकवले, मऊ लोखंडाचे गोळे जवळ-लांब केले आणि पुन्हा फिरवली. चूक ३ अंशांच्या आत आली. उरली ती तक्त्यावर, हाताने लिहिलेली. स्पीकर आणि वायपरची मोटर होकायंत्रापासून लांब हलवायला लावली. "पुढे मोठं वेल्डिंग केलंत की परत बोलवा," म्हणाले. इलेक्ट्रॉनिक होकायंत्रालाही (फ्लक्सगेट) हेच लागू, तेही पृथ्वीच्या चुंबकत्वावरच चालतं. फक्त त्याचा सेन्सर लोखंडापासून लांब, उंच बसवता येतो. दोन अँटेनांच्या उपग्रही होकायंत्राला लोखंडाचं काही नाही, पण ते आमच्या बजेटबाहेरचं.

पैसे? त्याने फोन उचलणं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, पहिला प्रश्न बिलाचा. ५ लाखांपर्यंतच्या ग्राहक तक्रारीला फी नसते, मुदत २ वर्षांची, पण धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तिथे अडचण येते. माझ्याकडे वहीचं पान आणि कुणा बाईंच्या नावाची एक यूपीआय एंट्री.

गेल्या महिन्यात आतेभावाने एक फोटो पाठवला. त्यांच्या बंदरातल्या एकाने नुकतंच होकायंत्र घेतलंय, सोबत लॅमिनेट केलेला तक्ता. उत्तरेला २ पूर्व, ईशान्येला १ पूर्व, तोच गोल शिक्का. त्याची बोट ४० फुटी आहे, लाकडाची.