इंटरलॉक, आठ महिन्यांनंतर: दारूपेक्षा वॉशरच्या पाण्याचाच ताप जास्त

फुंकून श्वासात दारू नाही हे दाखवल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं हे यंत्र काय असतं, ते सांगत बसत नाही. आठ महिन्यांतल्या कटकटीचं मूळ एकच निघालं: काच धुवायचं निळं पाणी.

गाडी सुरू झाल्यावर ५ ते १५ मिनिटांत पहिली फेरचाचणी येते, म्हणजे पुन्हा फुंकायचं, मग अधूनमधून येत राहते. तिच्या जरा आधी वॉशर मारला की दारूचा थेंब न घेताही आकडा वर. शंका साहजिकच सेन्सरवर जाते. मुदतीआधी कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा तपासून जुळवणं) करून घ्यावं, तर यंत्राच्या सर्व्हिस केंद्रावर आकडा चोख! पैसे पाण्यात, तेही निळ्या.

थंडीत गोठू नये म्हणून त्या पाण्यात मिथेनॉल, इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलेलं असतं. ते ओघळतं काचेच्या तळाशी असलेल्या जाळीवर, आणि केबिनमधली ताजी हवा येते नेमकी त्याच जाळीतून. वाफ श्वासात, श्वास नळीत. आत फ्युएल सेल असतो: प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं आणि जितकी वीज निघेल तितका आकडा. स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सर अ‍ॅसिटोनलाही फसतो, हा फसत नाही. पण पिण्याचं अल्कोहोल कोणतं आणि काच पुसायचं कोणतं, हे त्याला कळत नाही.

म्हणून वॉशर मारण्याआधी रीसर्क्युलेशन चालू करायचं, म्हणजे बाहेरची हवा आत येत नाही. तरीही फेल झालंच तर गाडी बाजूला घ्या, चारही काचा खाली करा, बाहेर उतरून चार-पाच खोल श्वास घ्या आणि मग फुंका. सॅनिटायझर लावला असेल तर हात पूर्ण सुकेपर्यंत हँडसेटला, म्हणजे फुंकायच्या यंत्राला, हात लावू नका. माउथवॉशनंतर साध्या पाण्याने चूळ भरून १५ मिनिटं थांबा. माहितीपुस्तकात माउथवॉशवर अख्खा परिच्छेद आहे, वॉशरच्या पाण्यावर एक ओळ नाही!

ही सवय लागल्यापासून खोटं फेल बंद. त्यामुळे सेन्सरबद्दलचं मत बदललं, माहितीपुस्तकाबद्दलचं नाही.

यंत्र खरं कामाला येतं ते सकाळी. शरीर दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने दारू निकालात काढतं. मध्यरात्री १०० मिलिलिटर रक्तात १२० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सहाला अजून ३० शिल्लक. मर्यादा २० ची लावली असेल तर गाडी जागची हलणार नाही. झोप झाली, कॉफी झाली, डोकं हलकं वाटतंय, याने त्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही.

चालत्या गाडीचं इंजिन हे बंद करत नाही, ही भीती काढून टाका. रिले, म्हणजे वीज तोडणारा स्विच, फक्त स्टार्टरच्या वायरीत असतो. फेरचाचणी चुकली तर भोंगा वाजतो आणि नोंद होते.

कडाक्याच्या थंडीत सेन्सर तापायला वेळ लागतो. हँडसेट निघणारा असेल तर रात्री घरात आणा. नळीत थुंकी साचली की फुंकर अर्धवट मोजली जाते, तेव्हा नळी झटकून लावा. नळ्या सुट्या मिळतात, अख्खं पाकीट माथी मारून घेऊ नका. आणि बॅटरी काढायची असेल तर केंद्राला आधी कळवून गॅरेजकडून तारीख-वेळ घातलेली पावती घ्या, कारण वीज तुटल्याची नोंद यंत्राच्या लॉगमध्ये छेडछाड म्हणूनच दिसते.