सिरॅमिकच्या नावाखाली ग्लेझ: गाडीच्या पॉलिशमध्ये माझी झालेली फसवणूक

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मी माझी गडद निळ्या रंगाची गाडी महामार्गालगतच्या एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची सफाई-पॉलिश करणाऱ्या, दुकानात दिली. तीन वर्षे टिकणारे सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर, म्हणून १६,००० रुपये मोजून जे काम करून घेतले, ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतही टिकले नाही. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण त्या कामात गाडीच्या मूळ रंगाचे जे नुकसान झाले ते आता भरून येणारे नाही, आणि किनाऱ्यालगतच्या आणखी कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर रत्नागिरीजवळ भाट्ये येथे, सुरूच्या बनापासून हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी गाडीच्या काचेवरून बोट फिरवले तर ते खारट आणि चिकट लागते. त्यावर दिवसभरात जांभ्याची तांबडी धूळ बसते, आणि एप्रिल-मे महिन्यांत अंगणातल्या कलमाचा चीक टपावर पडतो. ही धूळ आम्ही कित्येक वर्षे कोरड्या फडक्याने पुसत आलो. मीठ आणि धूळ यांचे कण फडक्याखाली घासले जाऊन रंगाच्या वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, बारीक रेघा उठतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. उन्हात बॉनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणल्यासारखे दिसे. गडद रंगावर ते अधिकच उठून दिसते.

दुकानातला तरुण अतिशय नम्र होता. ‘‘सर, तुम्ही समुद्राकाठी राहता, तुम्हाला साधे रबिंग-पॉलिश पुरणारच नाही. सिरॅमिक करून घ्या, तीन वर्षे गाडीकडे बघायला नको. नाइन एच आहे, किल्लीने ओढले तरी ओरखडा उठणार नाही,’’ असे त्याने सांगितले आणि हाच मजकूर नंतर व्हॉट्सॲपवरही पाठवला. नाइन एच हे पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मापनातले परिमाण आहे. त्या कसोटीत ठरावीक कठीणपणाच्या शिशाने थरावर रेघ उमटते का, एवढेच पाहतात. किल्लीच्या किंवा दगडाच्या ओरखड्याशी त्याचा संबंध जोडणे ही दिशाभूल आहे, हे मला फार उशिरा कळले.

काम चालू असताना मी तिथेच बसून होतो, म्हणून जे पाहिले ते नीट आठवते. आधी त्याने लोकरी पॅड लावलेल्या, जोरात फिरणाऱ्या रोटरी मशिनने जाड कंपाऊंड, म्हणजे भरड पॉलिश, घासले. मग कोपऱ्यातला एक पांढरा पाच लिटरचा कॅन उचलला. त्यावर कंपनीचे नाव, किंमत, उत्पादनाचा महिना यांतले काहीही छापलेले नव्हते, फक्त काळ्या मार्करने ‘सिरॅमिक’ असे लिहिलेले होते. त्यातले दुधासारखे पांढरे द्रव त्याने अर्धा मग भरून ओतून घेतले आणि मशिननेच साऱ्या गाडीवर फिरवले. संध्याकाळी चार वाजता बॉनेटवर बाटलीने पाणी मारून मोत्यासारखे थेंब कसे घरंगळतात ते दाखवले. जाळी पूर्ण नाहीशी झाली होती, बॉनेटमध्ये माडाच्या झावळ्या आरशात दिसाव्यात तशा दिसत होत्या. मी समाधानाने पैसे दिले.

या एका प्रसंगात फसवणुकीच्या चारही खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. खरे सिरॅमिक कोटिंग छोट्या काचेच्या बाटलीत येते. एका गाडीला साधारण ३० ते ५० मिलिलिटर पुरते, ते मशिनने नव्हे तर हाताने, लहान ठोकळ्यावर गुंडाळलेल्या मऊ कापडाने एकेक भाग घेत लावतात, आणि लावल्यानंतर निदान एक दिवस तरी त्याला पाणी लागू देत नाहीत. थेंब घरंगळणे हा तर कसलाच पुरावा नाही, कारण मेण, सिलिकॉन किंवा कोणतेही तेलकट द्रव नुकते लावलेले असेल तर त्यावरूनही पाणी तसेच घरंगळते.

जूनमध्ये पाऊस लागला. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते, त्यात असले लेपन किती दिवस टिकणार? पंधरा-वीस दिवसांत थेंबांऐवजी पाण्याचे पसरट डाग दिसू लागले, आणि उघडीप मिळालेल्या एका सकाळी ती जाळी बॉनेटवर पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली. दुकानदाराने आधी ‘‘तुम्ही शॅम्पू चुकीचा वापरला असेल’’ असे सांगितले, नंतर फोन उचलणेच बंद केले.

लांज्याकडे गॅरेजमध्ये आयुष्यभर गाड्या रंगवत आलेले एक पेंटर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी गाडी पाहिली आणि आधी काहीच बोलले नाहीत. बॉनेटपेक्षा कमी पाऊस लागलेला मागच्या दरवाजाचा, खिडकीच्या पट्टीखालचा भाग त्यांनी निवडला. तिथे अजून चकाकी शिल्लक होती. मधोमध कागदी टेप लावून त्यांनी एका बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण फवारले, स्वच्छ मायक्रोफायबरने दोनदा पुसले आणि टेप काढून मोबाईलचा दिवा तिरपा धरला. टेपच्या एका अंगाला काचेसारखा गुळगुळीत रंग होता आणि दुसऱ्या अंगाला त्याच जुन्या रेघा होत्या. मधली सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. ‘‘सर, हे सिरॅमिक नाही, ग्लेझ आहे. रेघा काढलेल्या नाहीत, भरलेल्या आहेत,’’ एवढेच ते म्हणाले.

ग्लेझ म्हणजे काय हे मी त्यानंतर नीट समजून घेतले. पॉलिशमध्ये अतिशय बारीक अपघर्षक कण असतात. ते क्लिअर कोटचा सूक्ष्म अंश खरोखर कापून पृष्ठभाग समतल करतात, त्यामुळे गेलेली रेघ कायमची जाते. ग्लेझमध्ये तेले आणि चिनी मातीसारखे भरण असते. ते रेघांच्या खाचांत बसते, प्रकाश विखुरला जात नाही आणि रंग खोल, ओलसर दिसतो, मात्र दोन-चार धुण्यांत ते भरण निघून जाते आणि संरक्षण असे फारसे काहीच मिळत नाही. मेण किंवा सीलंट (मेणाच्या जागी लावायचे कृत्रिम लेपन) हे काही आठवडे ते काही महिन्यांचे संरक्षण असते, आणि सिरॅमिक त्याहून दीर्घकाळाचे. ग्लेझ ही वस्तू वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. जुन्या गाडीचा रंग आणखी घासणे धोक्याचे असेल किंवा लग्नकार्यासाठी गाडी दोन दिवस उठून दिसायला हवी असेल, तर ग्लेझ लावून वर मेण लावणे हाच शहाणपणाचा पर्याय असतो. पण ते काम काही शे रुपयांच्या मालाचे आहे. शिवाय ग्लेझच्या तेलकट थरावर नंतर खरे सिरॅमिक लावले तरी ते रंगाला धरत नाही. त्यासाठी आधी सारे तेल अल्कोहोलने पुसून काढावे लागते.

खरा धक्का पुढे होता. पेंटरांनी रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवले. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंतचे सारे थर मिळून सर्वसाधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते आणि त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माझ्या टपावर १२४ आकडा आला, बॉनेटच्या मध्यावर १०९, आणि बॉनेटच्या डाव्या कडेवर ७८. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि तिथेच त्या तरुणाने रोटरी दाबून धरली होती. उन्हातील अतिनील किरणे अडवणारे घटक क्लिअर कोटमध्येच असतात. तो इतका झिजला की कोकणातल्या उन्हात रंग विटायला आणि पापुद्रे सुटायला वेळ लागत नाही. म्हणजे भरण धुतले गेले आणि झीज तेवढी कायम राहिली.

माझी विनंती आहे की गाडी द्यायच्या आधी बाटली मागून पाहा, तिच्यावर उत्पादकाचे नाव, प्रमाण, कमाल किंमत आणि महिना छापलेला आहे का ते वाचा, आणि हे द्रव कापते, भरते की राखते, असा सरळ प्रश्न विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नका. कंपाऊंड लावण्याआधी जाडी मोजून ते आकडे लिहून घ्या (ही साधी यंत्रे धातूवरच चालतात, प्लास्टिकच्या बंपरवर नाही). पॉलिश झाल्यावर आणि कोटिंग लावण्यापूर्वी एका भागावर अल्कोहोल मारून तुमच्यादेखत पुसायला सांगा. काम सच्चे असेल तर पुसल्यानंतरही रेघ दिसणार नाही, आणि सच्चा कारागीर या मागणीवर रागावणार नाही.

मला पक्के बिल मिळाले नव्हते, केवळ ‘गाडी काम’ असे लिहिलेली चिठ्ठी मिळाली. तरीही यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचा तो संदेश आणि टेपच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र माझ्याकडे होते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने उत्तर दिले नाही, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे अर्ज केला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. निकाल अजून लागायचा आहे.

गाडी आता आधी भरपूर पाण्याने धुतो आणि मगच मऊ कापड लावतो. पेंटरांनी बॉनेटवर हाताने बारीक पॉलिश फिरवून वर सीलंट लावून दिले, मात्र डाव्या कडेवर त्यांनी पॉलिशच्या आधी कागदी टेप चिकटवली आणि म्हणाले, ‘‘इथे यापुढे कोणालाही हात लावू देऊ नका.’’ दर चार महिन्यांनी सीलंटपूर्वी पॉलिशचा हात फिरवताना मी आधी ती टेप लावतो.