क्रायटेरियनचा ‘सिटिझन केन’ ४के संच: काय पुसलं नाही ते आधी बघा

जुन्या कृष्णधवल चित्रपटाची डिस्क हातात आली की बहुतेक जण आधी ‘चित्र किती स्वच्छ आहे’ ते बघतात. ऑर्सन वेल्सने दिग्दर्शित केलेल्या १९४१च्या ‘सिटिझन केन’च्या बाबतीत ही कसोटी फसवी आहे. २००१ साली आलेली डीव्हीडी त्या काळी डोळे दिपवणारी स्वच्छ होती. पण चित्रपटात केनचा जुना सहकारी बर्नस्टीन याची मुलाखत चालू असते तेव्हा त्याच्या मागच्या खिडकीबाहेर पाऊस पडत असतो, आणि धूळ-चरे काढणाऱ्या सफाईत तो पाऊसच पुसला गेला. सॉफ्टवेअरला बारीक, क्षणभर दिसणाऱ्या रेघा म्हणजे घाण वाटते. पावसाच्या धारा आणि फिल्मवरचे चरे यांतला फरक त्याला माणसाने सांगावा लागतो. २०११च्या ब्लू-रेवर पाऊस परत आला. अभिजात चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२१मध्ये काढलेल्या ४के संचातही तो आहे, आणि धारा एकेक वेगळी दिसते.

संच चार डिस्कचा आहे: एक ४के यूएचडी (ब्लू-रेपेक्षा जास्त तपशील दाखवणारी डिस्क) आणि तीन ब्लू-रे. ४के डिस्कवर चित्रपट डॉल्बी व्हिजनमध्ये आहे, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या एचडीआर पद्धतीत. पहिल्या ब्लू-रेवर तोच चित्रपट १०८०पीमध्ये, आणि बाकीच्यांवर पूरक साहित्य. फक्त तीन ब्लू-रेंची वेगळी आवृत्तीही मिळते. क्रायटेरियनच्या ४के डिस्कची ही पहिलीच खेप होती. १९८४ साली याच कंपनीने लेसरडिस्क काढायला सुरुवात केली तेव्हा पहिला क्रमांक ‘केन’चाच होता, त्यामुळे निवड समजण्यासारखी आहे.

चित्राकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या चित्रपटाची मूळ कॅमेरा निगेटिव्ह आज अस्तित्वात नाही, ती काही दशकांपूर्वीच गेली. आज जे दिसतं ते त्या काळच्या नायट्रेट फाइन-ग्रेन प्रतींवरून (निगेटिव्हवरून काढलेल्या बारीक कणांच्या प्रतींवरून) आलेलं आहे, म्हणजे मुळापासून एक पायरी खाली. शिवाय चित्रपटाचा मोठा भाग ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मचे तुकडे पुन्हा चित्रित करून एकत्र आणणाऱ्या यंत्रावर, जुळवलेला आहे. आरकेओ या स्टुडिओच्या लिनवुड डनने वेगवेगळ्या तुकड्यांची, रंगवलेल्या पार्श्वभूमींची आणि छोट्या प्रतिकृतींची सांधाजोड केली. प्रत्येक सांध्याला फिल्मची आणखी एक नक्कल होते आणि ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे कण, जाड होतो. म्हणून एकाच प्रसंगात एक शॉट रेशमासारखा आणि पुढचा रव्यासारखा दिसला, तर डिस्क खराब आहे असं समजू नका. एका दृश्यातून दुसरं विरघळत येतं तिथे, विरघळणं सुरू होण्याच्या किंचित आधी ग्रेन एकदम वाढलेला दिसेल. तो तुकडा प्रिंटरमधून गेलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवीन प्रतीचं कौतुक यासाठी की हे चढउतार सपाट करायचा मोह तिने टाळला आहे.

‘न्यूज ऑन द मार्च’ या बनावट बातमीपटात तर हेच उलट्या बाजूने दिसतं. इथले चरे मुद्दाम पाडलेले आहेत. एडिटर रॉबर्ट वाइजने जुन्या फिल्मसारखं दिसावं म्हणून फिल्म जमिनीवर घासली, वाळूतून ओढली. तो सगळा खरखरीतपणा या डिस्कवर शाबूत आहे. ही सुमारे नऊ मिनिटं आणि त्यानंतरची प्रोजेक्शन रूम, एवढं सलग लावलं तरी प्रतीची परीक्षा होते. प्रोजेक्शन रूममध्ये पत्रकारांचे चेहरे काळोखात बुडालेले असायला हवेत. केवळ वातावरणासाठी नाही, तर त्या घोळक्यात पुढे केनचा मित्र लेलंड याची भूमिका करणारा जोसेफ कॉटनही बसलेला आहे आणि तो ओळखू येऊ नये अशी योजना आहे. २००१च्या डीव्हीडीवर हा प्रसंग उजळ करून ठेवला होता. इथे प्रोजेक्टरचे झोत तेवढे पांढरे, बाकी आकृत्या काळ्या. एचडीआरचा खरा उपयोगही अशाच ठिकाणी कळतो. लख्ख उजेडाने डोळे चमकवण्यापेक्षा काळ्या आणि अतिकाळ्यातला फरक दाखवण्याकडे त्याचा कल आहे. केनचा पालक थॅचर याच्या ग्रंथालयातले उन्हाचे पट्टे आणि केनच्या झनाडू या महालातली शेकोटी बघा.

वाढलेल्या तपशिलाचा एक तोटाही आहे: जादू कशी केली ते उघडं पडतं. झनाडूमध्ये किंचाळणाऱ्या काकाकुव्याचा डोळा आरपार दिसतो, त्यातून मागचं दृश्य दिसतं. तो मूळ ऑप्टिकल कामातला दोष आहे आणि ४केमध्ये तो लपत नाही. ऑपेराच्या रंगमंचावरून कॅमेरा वरवर जात थेट छतालगतच्या दोन कामगारांपर्यंत पोहोचतो, त्यात मधला टप्पा प्रतिकृतीचा आहे. सांधा आता अंदाजाने पकडता येतो. केनची दुसरी बायको सुझन हिच्या खोलीत पुढे पेला, मागे दार, दोन्ही स्पष्ट, हा शॉट डीप फोकसचा नमुना म्हणून सर्रास सांगितला जातो. प्रत्यक्षात तो कॅमेऱ्यातच दोनदा चित्रण करून केला आहे. छायाचित्रकार ग्रेग टोलंडची खरी डीप फोकस करामत बघायची तर लहानग्या केनच्या घरातला प्रसंग लावा: आत करारावर सह्या, खिडकीपलीकडे बर्फात खेळणारा मुलगा.

आता गडबडीबद्दल. पहिल्या खेपेतल्या ब्लू-रे डिस्क एकमध्ये दोष होता. साधारण तिसाव्या मिनिटाच्या आसपास काँट्रास्ट घसरतो, काळा रंग राखाडी होतो आणि पुढे तसाच राहतो. क्रायटेरियनने चूक मान्य करून दुरुस्त डिस्क बदलून दिल्या. ४के डिस्कला हा दोष नाही. पण वापरलेला किंवा दुकानात पडून राहिलेला संच घेत असाल तर तपासणी सोपी आहे. पंचविसाव्या मिनिटापासून पस्तिसाव्यापर्यंत बघा, खोलीतले दिवे बंद करून. चित्र १.३७:१ आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांचा काळा आणि चित्रातल्या सावलीचा काळा शेजारी ठेवून पाहा. आधी जवळजवळ सारखे आणि नंतर चित्र धुरकट, असं झालं तर डिस्क जुन्या खेपेची आहे.

प्लेअरचा विभागही (रीजन) बघून घ्या, कारण ब्लू-रे डिस्क ठरावीक भूभागातल्या प्लेअरवरच चालू शकतात. ४के डिस्कना विभागाचं बंधन नसतं, पण संचातल्या ब्लू-रे ‘ए’ विभागाच्या आहेत. प्लेअर दुसऱ्या विभागाचा असेल तर चित्रपट दिसेल आणि पूरक साहित्याच्या डिस्क मात्र शोभेला राहतील. एवढे पैसे मोजण्याआधी ही खात्री करायलाच हवी.

टीव्हीवर फिल्ममेकर मोड (चित्रावर कमीत कमी प्रक्रिया करणारी सेटिंग) किंवा तत्सम निवडा. मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस शून्य किंवा त्या टीव्हीचा तटस्थ आकडा. नॉइज रिडक्शन चालू राहिलं तर २००१ची चूक तुम्ही घरबसल्या पुन्हा कराल. रंगाचं तापमान ‘वॉर्म’ ठेवा. रंगीत चित्रपटात खपून जाणारी निळसर झाक कृष्णधवलात लगेच डोळ्यांत भरते. झूम करून काळ्या पट्ट्या घालवू नका, डोकी आणि छतं कापली जातील, आणि या चित्रपटात छतं मुद्दाम दाखवलेली आहेत.

ध्वनी मोनो आणि अनकॉम्प्रेस्ड आहे. रिसीव्हरवर सगळ्या स्पीकरांत आवाज पसरवणारा मोड बंद करा, मधल्या स्पीकरमधून येऊ द्या. झनाडूची शांतता संपून बातमीपट सुरू होतो तेव्हा आवाज अंगावर येतो. तो तसाच आहे, आधी कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज फार वाढवून ठेवू नका.

तीन समालोचनं आहेत, म्हणजे चित्रपट चालू असताना ऐकायची भाष्यं. समीक्षक रॉजर ईबर्टचं सगळ्यात उपयोगी: कुठला शॉट कसा केला ते तो पडद्यावर बोट ठेवून सांगतो. दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच आठवणींत रमतो. वेल्सचे अभ्यासक जेम्स नेरमोर आणि जोनाथन रोझेनबॉम यांचं नवं समालोचन चित्रपट आधी चार वेळा पाहिलेल्यांसाठी. विशेष परिणामांवरचा क्रेग बॅरन आणि बेन बर्ट यांचा कार्यक्रम मात्र चुकवू नका, वर सांगितलेले सांधे त्यात उलगडतात. बीबीसीचा १९९१चा दीर्घ माहितीपट, वेल्सच्या मर्क्युरी थिएटरची रेडिओ नाटकं, वेल्सने १९३४ साली केलेला छोटा मूकपट ‘द हार्ट्स ऑफ एज’ हेही आहे. मूकपट एकदा पाहून विसरण्यासारखा.

केनच्या पात्रामागचा वृत्तपत्रसम्राट हर्स्ट आणि वेल्स यांच्या झगड्यावरचा १९९६चा माहितीपट ‘द बॅटल ओव्हर सिटिझन केन’ या संचात नाही. तो २००१च्या डीव्हीडी संचाच्या दुसऱ्या डिस्कवर आहे, तेव्हा तो संच घरात असेल तर रद्दीत देऊ नका. त्यातली पहिली डिस्कही राहू द्या, बिनपावसाची खिडकी कुणाला दाखवायची झाली तर तीच लागेल.