जुन्या ट्रॅक्टरला ‘तेच’ इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

निफाड तालुक्यातील आमच्या मळ्यात वडिलांच्या काळापासूनचा मॅसी फर्ग्युसन 35 आहे. या मॉडेलला सुरुवातीला स्टँडर्डचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन येत असे आणि 1959 च्या अखेरीपासून पर्किन्सचे तीन सिलिंडरचे येऊ लागले. आमचा ट्रॅक्टर पहिल्या प्रकारातला. हे चार सिलिंडरचे इंजिन थंडीत चालू होण्यास कुरकुर करते हे जगजाहीर आहे, आणि निफाडची थंडी कशी असते हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पहाटे फवारणीसाठी ब्लोअर जोडून ठेवावा आणि सूर्य वर येईपर्यंत सेल्फ मारत बसावे, असे दर हंगामात होई. चेन्नईच्या सिम्पसन कंपनीचे तीन सिलिंडरचे इंजिन याच पर्किन्स घराण्यातले असल्याने आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळत असल्याने, इंजिन बदलण्याचा निर्णय वावगा नव्हता.

नाशिकजवळच्या एका गॅरेजवाल्याने ट्रॅक्टरमधून काढलेले, बोअर-पिस्टन नवीन केलेले सिम्पसन देतो असे सांगितले. इसार रोख घेतला आणि जुने इंजिन बदल्यात ठेवून घेतले. ताबा देताना त्याने आवारातच ब्लोअर लावून दाखवला. फवारा उत्तम, धूर नाही, आवाज एकसारखा. “भाऊ, आता दहा वर्षं बघायला नको,” असे म्हणून त्याने उरलेली रक्कम मोजून घेतली.

ते इंजिन प्रत्यक्षात जनरेटरवरचे होते. पन्नास हर्ट्झच्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर स्थिर राहावे अशा बेताने त्याच्या डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, बसवलेला असतो. या ट्रॅक्टरचा पीटीओदेखील (ब्लोअरसारखी अवजारे फिरवणारा मागचा दांडा) इंजिन 1500 च्या आसपास असतानाच मिनिटाला 540 फेरे देतो, त्यामुळे आवारातल्या प्रात्यक्षिकात दोष दिसणे शक्यच नव्हते; त्याने ब्लोअरच का लावला, नांगर का नाही, हे नंतर उमगले. रस्त्यावर थ्रॉटल कितीही ओढला तरी रेस वाढेना, आणि नांगराला लोड आला की इंजिन आचके देऊ लागले. पंप दुसरा बसवून हा दोष कदाचित निघालाही असता.

खरा धोका खाली होता. या जुन्या ट्रॅक्टरना मोटारीसारखी चासी नसते. पुढचा आस, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि सगळा भार इंजिनच्या अंगावरून जातो. म्हणून ट्रॅक्टरच्या इंजिनचे ऑइल चेंबर, म्हणजे तळाची तेलाची टाकी, जाड ओतीव लोखंडाचे असते. आमच्या इंजिनला पत्र्याचे चेंबर होते, आणि त्याखाली दोन अँगल वेल्डिंग करून वर राखाडी रंग मारलेला होता. बांधावरून उतरताना क्लच हाऊसिंगच्या सांध्यातून तेल झिरपू लागले, बोल्ट वारंवार सैल होऊ लागले, तेव्हा गावातल्या मिस्त्रीने खाली झोपून पान्याने चेंबरवर ठोकले. डब्यासारखा आवाज आला. रंग खरवडल्यावर एका अँगलचे वेल्डिंग अर्ध्यापर्यंत उललेले दिसले. भरलेली ट्रॉली मागे असताना ते तुटले असते तर ट्रॅक्टर मधोमध दुभंगला असता.

इंजिनवरची नंबरपट्टी गायब होती आणि ब्लॉकवरचा आकडा घासून त्यावर नवा ठोकलेला होता. हा प्रकार केवळ पैशांपुरता नाही. आरसी बुकात इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदलण्यासाठी आरटीओची मान्यता लागते. ज्या नंबराचा उगमच सांगता येत नाही, तो घेऊन आरटीओत कोणत्या तोंडाने जायचे? उद्या अपघात झाला तर विमा कंपनीही पहिल्यांदा हाच नंबर पाहणार.

गॅरेजवाला आता म्हणतो की सिम्पसन सांगितले होते आणि सिम्पसनच दिले, ट्रॅक्टरचे असे कुठे लिहून दिले होते? आमचे जुने इंजिन त्याने भंगारात घातले, त्यामुळे पूर्ववत करण्याचीही सोय उरली नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती आम्ही करत आहोत, परंतु पावतीवर ‘इंजिन काम’ एवढेच लिहिलेले असल्याने वकिलांनी आधी गावच्या मिस्त्रीचा लेखी जबाब आणि चेंबरचे फोटो मागितले आहेत. ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी इंजिन कोणत्या वाहनातून काढले, त्याचा मूळ नंबर काय आणि चेंबर ओतीव आहे की पत्र्याचे, हे पावतीवरच लिहून घ्यावे, आणि नांगराला किंवा भरलेल्या ट्रॉलीला जुंपून पाहिल्याशिवाय जुने इंजिन गॅरेजवाल्याच्या ताब्यात देऊ नये.